चौघा जावईबापूंस अनावृत पत्र

प्रति,
सतरा इंची, डायमंड कट, काळे-रुपेरी चौघे जावईबापू,
मुक्काम आमच्या गाडीखाली, एन्नोर, उत्तर चेन्नई.

सप्रेम नमस्कार वि. वि.

येत्या खंडेनवमीला आपल्याला आमच्याकडे येऊन एक वर्ष होईल. मला मुलगी नाही. एकुलता एक मुलगा, तोही गाडीवेडा. जावयाचे मानपान आपल्या कपाळी नाहीत, अशा समजुतीत मी सुखात होतो. पण पहिला बोनस हातात पडताच चिरंजीवांनी आमच्या सात वर्षांच्या स्विफ्टसाठी परस्पर स्थळं ठरवली आणि एका शनिवारी दुपारी मी चौघांचा सासरा झालो. द्रौपदीपेक्षा एक कमी म्हणावं, तर पाचवा डिकीत होता. त्याच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

आपलं स्थळ जनरल पॅटर्स रोडवर सापडलं. चेन्नईत गाडीला काही नवं लावायचं असलं की माणूस तिथे जातो आणि जुनं काही शोधायचं असलं की पुदुपेटला. दुकानाच्या भिंतीवर आपण ओळीनं टांगलेले होता, वधूवर सूचक मंडळातल्या फोटोंसारखे, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच उजेड. मी पत्रिकेचं विचारलं. दुकानदार म्हणाला, "चार नट, शंभर पीसीडी, परफेक्ट सार!" म्हणजे चार नटांची भोकं शंभर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत, आणि आमच्या लेकीचीही तशीच आहेत. छत्तीसातला हा एक गुण जुळला आणि त्यावर अक्षता पडल्या. उरलेले पस्तीस मी नंतर, एकेक करून, आपल्यासोबत संसार करताना पाहिले.

त्यातला पहिला गुण मधल्या भोकाचा. आमच्या गाडीच्या हबला चोपन्न पूर्णांक एक मिलिमीटरचं भोक लागतं. आपलं भोक त्र्याहत्तर पूर्णांक एकचं, कारण आपल्याला कुठल्याही घरी खपायचं होतं. मधली एकोणीस मिलिमीटरची पोकळी भरायला एक साधी रिंग मिळते. ती कोणी बसवली नाही. रिंग असली की चाक हबवर आपोआप मधोमध बसतं. नसली की ते नटांच्या भरवशावर बसतं, आणि नट आवळणाऱ्याचा हात जरा इकडेतिकडे झाला की मध्य चुकतो. मग ऐंशीच्या पुढे स्टीअरिंगला हिवताप भरतो. आम्ही दोनदा बॅलन्सिंग केलं, शिशाचे तुकडे चिकटवून आपल्याला नटवलं. हिवताप गेला नाही. शेवटी तो चार रिंगांनी गेला.

दुसरा गुण ईटीचा. हा जर्मन आइनप्रेसटीफे या शब्दाचा संक्षेप आहे. चाक जिथे हबला टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक अंगणात येतं. आपला आकडा आधीच्या चाकांपेक्षा दहानं कमी, त्यात आपण रुंदही जास्त. त्यामुळे आपण मडगार्डच्या बाहेर असे उभे राहिलात की जणू दारात फोटो काढून घ्यायचाय. चिरंजीव याला 'स्टान्स' म्हणतात. पावसात आपण उडवलेला चिखल दोन्ही दारांवर आणि सौभाग्यवतींच्या कांजीवरमवर पोचतो, त्याला ते काही म्हणत नाहीत.

तिसरा गुण मी आपल्याबरोबर आलेल्या टायरवर वाचला. २०५/४५ आर १७ ८४ डब्ल्यू. शेवटचा डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत चालेल. एन्नोर एक्स्प्रेस रोडवर कंटेनर ट्रेलरांच्या रांगेमागे आम्हाला सत्तावीस मिळाला तर त्या दिवशी गोड करतात. पण त्याच्या आधीचा ८४ हा आकडा कोणी वाचत नाही. तो सांगतो की एक टायर ५०० किलो पेलेल. आमच्या जुन्या १६५/८० आर १४ वर ८५ होतं, म्हणजे ५१५ किलो. चौघांचे मिळून साठ किलो कमी झाले. एवढं वजन घरात एकाच व्यक्तीचं आहे आणि तिला घरी ठेवून फिरायला जाण्याची माझी छाती नाही. त्याच मापात ८८ आकड्याचे, जादा भाराचे टायर मिळतात, प्रत्येकी ५६० किलोचे. त्यांचं नाव कोणी काढलं नाही. टायरच्या अंगावर चार आकडी जन्मतारीखही असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. आपले टायर बोहल्यावर चढले तेव्हा तीन वर्षांचे होते. 'नवेकोरे' म्हणून आले होते.

लग्नाच्या नोंदणीचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं मालकाला गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. आपण चौघे मिळून एक बदल की चार, याचा हिशेब मी मुद्दाम कुणाला विचारलेला नाही.

पण जावईबापू, माझी खरी तक्रार वेगळी आहे. थोडं गणित करू. जुन्या टायरचा १६५ हा आकडा रुंदीचा, आणि ८० म्हणजे त्या रुंदीच्या ऐंशी टक्के उंची. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर आणि हवा. आपलं २०५ च्या पंचेचाळीस टक्के, म्हणजे ९२. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला, त्यामुळे स्पीडोमीटर फसला नाही. फक्त धातू आणि हवा यांनी जागा बदलली. चार सेंटिमीटर गेले. त्या चार सेंटिमीटरांत माझी कंबर राहत होती.

वर आपण जडही निघालात. घरच्या वजनकाट्यावर टायरसकट आपल्यातला एकेक जुन्या लोखंडी चाकापेक्षा सुमारे पाच किलो जास्त भरला. हलकेपणासाठी अलॉय, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते घडीव, महागड्या अलॉयचं असावं. आपण साच्यात ओतलेले, स्वस्तातले, शिवाय तीन इंच मोठे. हे पाच किलो स्प्रिंगच्या वर असते तर मी बॅग समजून विसरलो असतो. ते स्प्रिंगच्या खाली आहेत, प्रत्येक खड्ड्यात उसळतात आणि त्यांना खाली आणायचं काम शॉक अॅब्सॉर्बरच्या गळ्यात पडतं.

आणि हे सगळं कुठे, तर एन्नोरला. जरा गाव पाहून यायचं होतंत. रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये काढलेल्या अशोक मोटर्सनं इथे आधी ऑस्टिन गाड्या जोडल्या आणि १९५५ मध्ये तिची अशोक लेलँड झाली. शेजारच्या तिरुवोट्टियूरला के. एम. मामेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ मध्ये एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे करायला घेतले. १९५२ मध्ये ते जुन्या टायरवर चढवायच्या ट्रेड रबरात उतरले आणि पुढे टायरमध्ये. आज त्या कंपनीला एमआरएफ म्हणतात. हवेची किंमत ज्याला फुग्यापासून कळली, त्याच्या अंगणात आपण हवा कमी करून आलात. इकडे कामराजर बंदरावर परदेशी निघालेल्या नव्या गाड्या जहाजाच्या पोटात चढतात. तिकडे कोळसा, राख आणि कंटेनर वाहणारे ट्रक रात्रंदिवस रस्ता कुटतात. त्या ट्रकांचे टायर पाहा. २९५/९० आर २० हे नेहमीचं माप, म्हणजे नुसती बाजूची भिंत २६५ मिलिमीटर, वीतभराहून जास्त. ज्याला रस्त्यावर पोट भरायचंय तो एवढं रबर घेऊन फिरतो.

आपल्या घराण्याची कीर्ती मात्र मी वाचली आहे. ओतीव अॅल्युमिनियमची चाकं गाजवली ती बुगाटीनं, टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीवर, १९२४च्या ऑगस्टमध्ये लियोंच्या ग्रां प्रीला. आठ पात्यांसारख्या आऱ्या, अतिशय देखणी. त्याच शर्यतीत त्या गाड्यांना टायरनीच दगा दिला. रबर नीट भाजलेलं नव्हतं. म्हणजे पहिल्याच दिवशी चाक लखलखलं आणि टायर रडला. शंभर वर्षांत आमच्या घरापर्यंत येताना परंपरा फारशी मोडलेली नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, आपला गृहप्रवेश झाला. केळीचे खुंट, चंदन, कुंकू. कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडला. मग प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. पुढच्या डावीकडचं घरंगळून गटारापाशी गेलं. वॉचमन म्हणाला, पुन्हा ठेवा. चिरंजीव विज्ञाननिष्ठ आहेत, ते हसले.

महाराष्ट्रात दसऱ्याला पाऊस परत निघतो. इथे तो त्या सुमारास बॅग भरून यायला निघतो. नोव्हेंबरमधल्या एका रात्री दुसरी पाळी संपवून मी घरी येत होतो. कत्तिवाक्कमच्या अलीकडे रस्ता आणि पाणी एकाच पातळीवर होते. पुढच्या डाव्या बाजूनं जो आवाज आला तो टायरचा नव्हता. टायरला बोलायची संधीच मिळाली नाही, थेट आपण बोललात. रिमचा काठ आत वळला आणि हवा पाण्यात बुडबुडे काढत निघून गेली.

मी शांत होतो. डिकीत पाचवा होता, काळा, लोखंडी, चौदा इंची, सात वर्षांत एकदाही न वापरलेला. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास पहिली सुटी चाकं विकायला काढली. इंग्रज तो शब्द विसरले. आपण इथे पावसात उभे राहून त्याचं नाव घेतो.

जॅक लावला, पाना घेतला. पाना बसेना. जावईबापू, आपल्या नटांची भोकं इतकी अरुंद की नेहमीचे नट बसत नाहीत. त्यासाठी सडपातळ, आतून दातेरी नट. ते फिरवायला वेगळी किल्ली. आपल्याला कोणी चोरून नेऊ नये म्हणून ही सोय, असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं. किल्ली चिरंजीवांच्या ऑफिसच्या बॅगेत, बॅग शहरात.

फोन केला. "बाबा, थांबा, आलोच," म्हणाला. आलोच म्हणजे सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीची लोकल, कत्तिवाक्कम स्टेशन, तिथून रिक्षा. सव्वादोन तास. तोवर माझ्या मागे थांबलेल्या रांगेतला नामक्कलचा एक ट्रेलरवाला छत्री घेऊन खाली उतरला. त्यानं वाकलेला काठ पाहिला, टायरची उंची दोन बोटांनी मोजली आणि मग स्वतःच्या ट्रेलरच्या टायरवर तळहात उभा ठेवून मला दाखवला. बोटांच्या वरही रबर उरलं होतं. "रब्बर वेणुम सार," म्हणजे रबर हवं, तो म्हणाला, "रब्बर." मग त्यानं चहा दिला.

आपली दुरुस्तीही झाली. लोखंडी रिम वाकली की हातोड्यानं सरळ होते आणि कुरकुर न करता कामाला लागते. आपल्याला सरळ करताना काठाशी केसाएवढी चीर दिसली. वेल्डिंग करून देतो, असं एक जण म्हणाला. ओतीव चाक वेल्ड करून त्यावर बायकोला बसवायचं धाडस मला झालं नाही. मग आपल्या जातीचा एकटा चौथा कुणी देईना. डिझाइन बंद झालेलं. दीड महिन्यानं चिरंजीवांनी तो कोइम्बतूरहून मिळवला. तेवढे दिवस मी लोकलनं कामावर गेलो आणि कंबर बरी झाली.

खारं वारं आपल्याला सोसत नाही, हेही आता कळलंय. डायमंड कटवरचं लॅकर जिथे टवका उडालाय तिथून आत पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा सरकताहेत. चिरंजीव दर रविवारी टूथब्रशनं आपल्याला घासत. त्यांच्या आईनं तेव्हा जे उद्गार काढले ते दातांसंबंधी होते, इथे देत नाही.

अन्याय नको म्हणून लिहितो. वळणावर गाडी आता डुलत नाही. ऊन तिरकं आलं की बाल्कनीतून मीही आपल्याकडे दोन मिनिटं बघतो. बघायला आपण खरंच सुंदर आहात. पण पंधरा इंचांचं स्थळ घरातच होतं. कंपनी स्वतः याच गाडीच्या वरच्या प्रतीला १८५/६५ आर १५ देते. तेच भोक, १२० मिलिमीटर रबर, आणि आरटीओला सांगायला सरळ उत्तर. त्या स्थळात चिरंजीवांना 'काही मजा' वाटली नाही.

जुने चौघे गच्चीवर आहेत. एकावर कढीपत्त्याची कुंडी, एकावर तुळस, उरलेले दोन एकमेकांवर. परवा त्यांचे आकडे वाचले, टायर अजून एक पावसाळा काढतील. येत्या खंडेनवमीला लिंबं त्यांच्याखाली ठेवायचा विचार आहे. आपल्याला निरोपाचा नारळ, पंचा आणि गच्चीवरची कोरडी जागा देऊ. तरी आपण स्वेच्छेनं उतरावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सासरा

ता. क. : 'स्वेच्छेनं' हा शब्द सौजन्याचा नाही. चिरंजीव जूनपासून नोकरीसाठी बेंगळुरूला आहेत, आणि किल्ली त्यांच्या बॅगेत आहे.