पिंजऱ्यातला रफार

आमच्याकडे पिंजरा दिसला की लोक एकच विचारतात: सापडला का जी?

त्यामुळे या उन्हाळ्यात चामोर्शीत एक कोरा करकरीत लोखंडी पिंजरा टेम्पोत चढला, तेव्हा पानठेल्यावरच्या मंडळींचा खर्रा हातातच राहिला. कोणाच्या शिवारात? माणूस गेला की बैल? मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की पिंजरा जेमतेम दीड फूट बाय दीड फूट आहे. त्यात वाघाचं नुसतं डोकं मावलं असतं. बिबट्याचं पिल्लू असेल, एक जण म्हणाला. उदमांजर, दुसरा म्हणाला. टेम्पो एका कचेरीच्या दारात थांबला. कोणत्या, ते सांगणार नाही. तुमच्या डोळ्यांपुढे जी उभी राहिली ती समजा. दोघांनी पिंजरा आत नेला, टेबलावर ठेवला, चार बोल्ट मारले आणि त्यात संगणक कोंडला.

संगणक नरभक्षक नव्हता. लहान होता, एवढाच त्याचा गुन्हा.

जुने संगणक बदलणं भागच होतं. मार्कंडेय ऋषींना जन्मतः सोळा वर्षांचं आयुष्य लिहून आलेलं. त्यांनी महादेवाच्या पिंडीला मिठी मारली आणि चिरंजीव झाले. विंडोज दहाला मिळाली २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५, म्हणजे दहा वर्षं अडीच महिने. मिठी मारायला त्याला पिंड सापडली नाही. विंडोज अकरा जुन्या डब्यांत बसायला तयार नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१७-१८ च्या आधीचा प्रोसेसर तो उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. तेव्हा खरेदी समिती बसली. चार सदस्य. चौघांपैकी एकानंही आयुष्यात स्वतः पत्र टाइप केलेलं नाही. जो पोरगा रोज आठ तास टाइप करतो, तो कंत्राटी असल्यामुळे समितीसाठी चहा आणायला होता.

आता गंमत अशी, की समितीनं निवडला तो संगणक अगदी बरोबर होता. कसा, ते मला विचाराल तर चहा देता देता तो पोरगा जे बोलला तेच चुकून इतिवृत्तात गेलं. अठरा सेंटिमीटर लांब, अठरा रुंद, साडेतीन उंच. आकारमान लिटरभर. पोळ्यांचा डबा याहून मोठा असतो. कचेरीत काम तरी काय असतं? दोन तक्ते, चार पत्रं, एखादी पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये उघडलेली दहा पानं, ज्यांतली नऊ नुसती गोल गोल फिरत असतात. त्याला ८ जीबी मेमरी पुरते. १६ घेतली तर पुढची पाच-सहा वर्षं कोणी शिव्या देत नाही. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असली म्हणजे झालं. आणि मुख्य मुद्दा विजेचा. हा डबा साध्या कामाला दहा-पंधरा वॅटच्या आसपास खातो. आमच्याकडे लाइन जाते ती निरोप घेऊन जात नाही. तेव्हा जुन्या मोठ्या डब्याखाली जो यूपीएस दहा मिनिटांत किंचाळून झोपायचा, तोच या लहानग्याला सांभाळत दाखला छापून होईपर्यंत टिकतो. जंगलातल्या कचेरीला याहून शहाणी वस्तू मिळणार नाही.

खोकं उघडलं आणि शहाणपण संपलं. मोठे बाबू आत डोकावले आणि म्हणाले, ''अन् सीपीयू कुठाय?'' आमच्या सगळ्या कचेऱ्यांत टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. हाच सीपीयू, पोरानं सांगितलं. मोठ्या बाबूंनी तो तळहातावर तोलला. सव्वा-दीड किलो. चाळीस हजारांच्या घरातली सरकारी मालमत्ता तळहातावर मावते हे त्यांना पटेना. मावते म्हणजे पिशवीतही मावेल. पिशवीत मावेल म्हणजे कोणीतरी नेईल. कोणीतरी नेईल म्हणजे चौकशी माझी. एका मिनिटात बाबू निवृत्तिवेतन रोखल्यापर्यंत पोचले होते.

या भीतीवर उपाय त्या डब्याच्याच पाठीवर आहे. तिथे एक बारीक खाच असते, सात मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद. तिच्यात पोलादी दोरीचं कुलूप बसतं. दोरीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. हजाराच्या आत काम. त्याहून सोपं म्हणजे मॉनिटरच्या पाठीला शंभर-शंभर मिलिमीटरवर चार स्क्रूंची भोकं असतात. पत्र्याची एक पट्टी लावून डबा तिथेच मागे टांगला, की चोराला तो दिसतही नाही, टेबल मोकळं होतं आणि त्यावर बाबूंना हात टेकून झोपता येतं. पण खाच सात मिलिमीटरची. ती पाहायला संगणक उलटा करावा लागतो, आणि सरकारी वस्तू उलटी करायची तर पत्र लागतं. समिती पुन्हा बसली. आमच्या मार्कंड्याला वैनगंगा दक्षिणेकडे जाता जाता उत्तरेला वळते. उत्तरवाहिनी म्हणून तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरते. नदी उलटी फिरली तर पुण्य मिळतं. समिती उलटी फिरली की पिंजरा मिळतो.

पिंजऱ्याचं वर्णन करायलाच हवं. तीन बाजूंनी पत्रा. समोरून आणि वरून अर्ध्या इंचाची वेल्डमेश. कोयंडा दारू-गोदामाला शोभेल असा. मागच्या पत्र्याला भोक एकच, कारण फॅब्रिकेशनवाल्याला एकच सांगितलं होतं. त्यातून विजेची आणि मॉनिटरची वायर गेली. इंटरनेटच्या वायरीची चिमटी काही जाईना, म्हणून ती बाहेरच राहिली. वायफाय आहेच की, असं ठरलं. जुना मोठा डबा टेबलाखाली जेवढी जागा खायचा, त्याच्या दुप्पट जागा आता हा लहान संगणक टेबलावर खातो. कुलपाची किल्ली मोठ्या बाबूंच्या कपाटात. कपाटाची किल्ली बाबूंच्या कंबरेला. आणि मी दाखल्यासाठी गेलो त्या दिवशी बाबूंची कंबर साळ्याच्या लग्नाला ब्रह्मपुरीला गेलेली होती.

किल्ली नाही तर संगणक चालू कसा करता? मी विचारलं. पोरानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली बांबूची एक कमची काढली. वीतभर लांब, टोकाला छान तासलेली. ती जाळीतून आत घातली, एक डोळा मिटला आणि बटण दाबलं. दिवा लागला. हा जिल्हा बांबूचा म्हणून ओळखला जातो, तो काही उगाच नाही. कमचीला दोरी होती आणि दोरीला चिठ्ठी. जडसंग्रह नोंदवहीत तिचीही नोंद झाली आहे: बटण-दाबणी, बांबू, नग एक.

मग सुरू झाली संगणकाची दुखणी. मे महिन्यात आमच्याकडे पारा सत्तेचाळीसवर जातो. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला मॉनिटरची पाठ, आणि आत अ‍ॅडॅप्टरची तापलेली वीट. ही वीट बाहेर ठेवायची असते म्हणून तर डबा लहान असतो. आतला इवलासा पंखा दुपारी असा रडतो, की बाहेर रांगेतल्या म्हातारीनं विचारलं, ''आत कोनाचं लेकरू हाये जी?'' तापला की संगणक स्वतःला वाचवायला हळू चालतो. वायफायचं तर विचारूच नका. धातूच्या बंद जाळीत बाहेरची वीज शिरत नाही, हे जगाला १८३६ पासून माहीत आहे, आणि विद्युतलहरींचंही तेच. वायफायची नेहमीची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची. तिला अर्ध्या इंचाच्या भोकातून आत या म्हणायचं म्हणजे बैलबंडीला पानठेल्यात या म्हणण्यासारखं. जी काही येते ती कुठल्या फटीतून, वायरीच्या भोकातून, चोरासारखी. एका काडीचं नेट, मग पान फिरतं, मग काचेमागून आवाज येतो: सर्व्हर डाऊन. जंगल आहे साहेब, रेंज नसते. जंगलाला या कचेरीनं इतक्या गोष्टींसाठी जबाबदार धरलंय, की एखाद्या दिवशी सागच अर्ज घेऊन रांगेत उभा राहील.

कीबोर्ड बिनवायरीचा. त्याचा नखाएवढा डोंगल संगणकाच्या पाठीत, म्हणजे पिंजऱ्यात. पोरगा बाहेरून टाइप करतो, अक्षरं जाळीपाशी जमतात, काही आत जातात, काही परततात. मराठी टाइप करताना रफार म्हणजे दोन कळा, अनुस्वाराची तिसरी. बरोबर याच तीन कळा लोखंडाला अडकल्या, आणि माझ्या हातात जो रहिवासाचा दाखला पडला त्यावर सहीशिक्क्यानिशी छापलं होतं: राहणार माकडा.

मी मार्कंड्याचा. हजारेक वर्षांची मंदिरं, भिंतीभिंतीवर कोरलेली शिल्पं, लोक कौतुकानं विदर्भाचं खजुराहो म्हणतात. ऊन, पाऊस, वैनगंगेचा पूर खाऊनही त्या दगडांतल्या अप्सरेची भुवई शाबूत आहे, आणि माझ्या गावाचा रफार दीड फुटाच्या जाळीतून धड बाहेर आला नाही. मी म्हटलं, दुरुस्त करा. तर म्हणे, छापून निघालेला दाखला दुरुस्त होत नाही. शपथपत्र आणा, की माकडा आणि मार्कंडा ही एकाच गावाची नावं आहेत. सोबत दोन साक्षीदार, माकड्याचे रहिवासी असलेले. साक्षीदार मिळाले असते. देवळाच्या आवारात पारापारावर बसलेले असतात, शेपटी सोडून. पण त्यांच्याकडे आधार कार्ड नाही. मी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण मग बसगाडीत बसल्यावर एकदम डोक्यात गेलं. मोहफुलांच्या दिवसांत आमच्या बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, खाली वाकून वेचतात, आणि वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते. मग एखादी परत येत नाही. मग गाव अर्ज करतं, पिंजरा लावा. उत्तर येतं: ठोस पुरावा द्या. पंजाचा ठसा दाखवा. पुन्हा दिसला तर कळवा. बाई गेली हा पुरावा नाही, कारण तिला नख लागलं की काटा हे ठरायचं असतं. असे आठवडे जातात, तेंदूपानाचा हंगाम येतो, आणि पोट आहे म्हणून बाया पुन्हा त्याच वाटेनं जातात. आणि इकडे कोणीही न चोरलेल्या, कोणालाही न चावलेल्या, लिटरभर आकाराच्या एका डब्यासाठी मोजमाप, दरपत्रकं, मंजुरी, वेल्डिंग, रंग, बोल्ट, कुलूप सगळं नऊ दिवसांत होतं. नऊ दिवसांत! या जिल्ह्यात काहीच लवकर होत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो पिंजरा एकदा बघून यावा. त्याला हिरवा ऑइल पेंटसुद्धा दिलाय, दोन हात.

समितीची तिसरी बैठक मागच्या आठवड्यात झाली. संगणक तापतो, नेट ओढत नाही, अक्षरं खातो, तेव्हा लहान संगणक कार्यालयीन कामाला सक्षम नाहीत, सबब पुढील खरेदी मोठ्या डब्याची करावी, असं ठरलं. पिंजऱ्याचं काय करायचं, यावर चर्चा झाली. मोठ्या डब्यासाठी मोठा पिंजरा लागेल. त्याचं माप घ्यायला माणूस येऊन गेला. कमची मात्र लांबवावी लागेल म्हणतात.

शपथपत्र देऊन मी परवा पुन्हा गेलो. पोरगा भला आहे. बाबू जेवायला गेले होते आणि किल्ली टेबलावर विसरली होती. त्यानं झटकन कुलूप काढलं, डोंगल ओढून पुढच्या भोकात लावला, दार उघडंच ठेवून माझा दाखला टाइप केला. मार्कंडा. रफार जागच्या जागी, अनुस्वार जागच्या जागी. मला भरून आलं. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या, त्यानं घाईनं दार लावलं, कोयंडा सरकवला, आणि तालुक्याचं नाव राहिलं होतं ते बाहेरूनच मारलं.

''घ्या जी,'' तो म्हणाला, ''अन् तालुका तेवढा पाहून घ्या.''

पाहिला. चामोशी.