नवीन जालन्यातील विमानपारखी

ज्यांची मुले परदेशात स्थायिक झाली आहेत आणि ज्यांना लेकीच्या बाळंतपणासाठी तरी अमेरिका गाठावी लागते, अशा साठी ओलांडलेल्या व्यापारी गृहस्थांचा एक वर्ग कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यात, विशेषतः सदर बाजार आणि मामा चौकाच्या परिसरात, आढळतो. एरवी हे गृहस्थ चारचौघांसारखेच असतात. परंतु तिकीट स्वस्त आणि कंपनीचे नाव अनोळखी असा योग जुळून आला, की त्यांच्यातील विमानपारखी जागा होतो आणि जावयाने पाच मिनिटांत काढायचे तिकीट दोन महिने रेंगाळते.

पारख्याच्या स्वभावाचे मूळ जालन्याच्या बियाणे-व्यवसायात शोधावे लागते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे संकरित वाण, म्हणजे दोन निवडक जातींचा संकर करून तयार केलेले बियाणे, हा येथील ओट्या-ओट्यावरचा विषय झाला. नवा वाण आला म्हणून जाणता शेतकरी सगळे रान त्याच्या हवाली करत नाही. तो एखाद्या एकरात लावून पाहतो, शेजाऱ्याचे पीक बांधावरून न्याहाळतो आणि पटले तरच पुढच्या हंगामात पिशव्या उचलतो. ही रीत शेतीत सर्वस्वी रास्त आहे. विमानात मात्र एक एकरापुरते बसण्याची सोय नसते. बसले तर थेट महासागरापलीकडे उतरावे लागते, नाहीतर घरी राहावे लागते. त्यामुळे पारखी दुसऱ्याच्या एकराच्या शोधात निघतो. साडू, सीए, मेडिकलवाला, सळईच्या कारखान्याचे मालक, इतकेच काय, शिर्डीपलीकडे कधी न गेलेला शेजारी, या सर्वांचे मत घेतले जाते. आणि त्या कंपनीच्या विमानात यांपैकी कोणीही बसलेले नसल्यामुळे प्रत्येकाचे मत ठाम असते.

समजा, जावयाने सुचवलेली कंपनी इथिओपियन एअरलाइन्स आहे आणि मार्ग मुंबई, आदिस अबाबा, वॉशिंग्टन असा आहे. पारख्याचा पहिला अभिप्राय "नावच ऐकलं नाही कधी" एवढाच असतो. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि १९४६ पासून विमाने उडवीत आहे, तर जालना हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावे लागले. तेव्हा कोणी कोणाचे नाव ऐकलेले असायला हवे होते, हा प्रश्न विचारण्याचे धाडस जावई सहसा करत नाही. ज्यांची नावे पारख्याला तोंडपाठ होती, त्या किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये, जेटची २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची २०२३ मध्ये थांबली. पण ओळखीचा माणूस बुडाला तर हळहळ वाटते, अविश्वास वाटत नाही, हा व्यवहारातील जुना नियम येथेही लागू पडतो.

एका बाबतीत मात्र त्याची थट्टा करता येत नाही. मार्च २०१९ मध्ये याच कंपनीचे बोइंग ७३७ मॅक्स जातीचे विमान कोसळून १५७ माणसे गेली, आणि त्यानंतर त्या जातीची विमाने जगभर जमिनीवर उभी करण्यात आली, कारण विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी त्यातील यंत्रणाच सदोष निघाली. विमान एकाने बनवलेले असते आणि नाव दुसऱ्याचे लागते, हे पारख्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

जावई पुरावे देतो. आयोसा नावाची एक तपासणी असते, जिच्यात विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा सभासद कंपन्यांच्या सुरक्षाव्यवस्थेची ठरावीक काळाने छाननी करवून घेते. पारखी म्हणतो, संघटना कंपन्यांचीच, मग तिचा दाखला कोण मानणार? युरोपीय संघ २००६ पासून आपल्या आकाशात मज्जाव असलेल्या कंपन्यांची यादी प्रसिद्ध करतो आणि तिच्यात हे नाव नाही, यावर तो "अजून नाही" एवढेच उत्तर देतो. मग त्याला कळते, की आदिस अबाबाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत पूर्ण इंधन भरून उडणे अवघड जाते, आणि म्हणून अमेरिकेला जाणारे विमान वाटेत इंधनासाठी थांबते. त्या दिवशी साडूला चार वेळा फोन जातो.

सामानाविषयीची त्याची शंका ऐतिहासिक आहे. ब्रॉडगेज येण्यापूर्वी मुंबईला जाणारा जालनेकर मनमाडला उतरून, हमालाच्या डोक्यावरची वळकटी नजरेआड न होऊ देता गाडी बदलत असे. त्या पिढीला सामान एका विमानातून दुसऱ्यात आपोआप जाते हे पटणे कठीण आहे. शिवाय पीएनआर! रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो, विमानाचा मात्र सहाच अक्षरे-आकड्यांचा, तो हाती पडताच पारखी जावयाला शांतपणे कळवतो, "चार राहिले बघा."

त्याचे मन अखेर वळते ते सुरक्षेच्या कोणत्याही कागदाने नव्हे. दोन डाग, प्रत्येकी तेवीस किलो, एवढे सामान फुकट नेता येते हे कळताच व्यवहार दिसू लागतो, आणि मेतकूट, डिंकाचे लाडू व गोडा मसाला यांचे डबे दुकानातल्या काट्यावर चढू लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी मात्र खाली उतरवावी लागते, कारण अमेरिकेत ताजी फळे नेऊ देत नाहीत. या अन्यायाचा राग तो बिचाऱ्या इथिओपियावर काढतो.

परतल्यावर पारख्याची पदोन्नती होते. आता इतर लोक बांधावर येऊन उभे राहतात, आणि तो त्यांना आदिस अबाबाच्या विमानतळावर खाल्लेल्या शिरोविषयी सांगतो. शिरो म्हणजे हरभरा किंवा तत्सम कडधान्याच्या पिठाचे तिखट पिठले, जे तेथील ख्रिस्ती लोक मांस आणि दूध वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांत आवडीने खातात. विमान कोणते होते, इंधनाला कुठे थांबले, सामान कसे पोचले, यांतले त्याला काही सांगता येत नाही, कारण त्या वेळी तो झोपलेला असतो. पिठल्यात लसूण बेताचा होता, एवढे तो खात्रीने सांगतो. आणि समोरचा गृहस्थ ते आडतीच्या पावतीमागे लिहून घेतो.