विरोधी श्रोता

अमेरिकेत पक्षाच्या अधिवेशनातले भाषण सर्वांत मन लावून कोण ऐकतो, तर विरोधक. सभागृहातल्या हजारो प्रतिनिधींचे अर्धे लक्ष हातातला फलक कधी उंचवायचा याकडे असते आणि उरलेले अर्धे टीव्हीचा कॅमेरा आपल्यावर कधी येतो याकडे. विरोधक मात्र वही उघडून बसलेला असतो. वक्ता कुठे अडखळला, कोणत्या वाक्याला टाळी पडली नाही, कोणता आकडा संशयास्पद वाटला, हे सगळे त्याच्या वहीत सापडते. ही जमात दोन्ही पक्षांत सारखीच आहे. दोन अधिवेशने एकमेकांपासून थोड्याच अंतराने होत असल्यामुळे एका अधिवेशनात बेंबीच्या देठापासून घोषणा देणारा गृहस्थ लवकरच दुसऱ्या अधिवेशनातल्या घोषणा हे लोकशाहीच्या अधःपाताचे लक्षण असल्याचे सांगू शकतो.

त्याचे काम भाषणाआधीच सुरू होते. भाषणाचा मसुदा पत्रकारांना थोडा आधी मिळतो आणि तो विरोधकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. प्रतिक्रिया टंकून तयार होते. वक्त्याने अजून घसाही साफ केलेला नसतो, तोच त्याच्या भाषणाने घोर निराशा झालेली असते. या पद्धतीला एकच धोका आहे: वक्त्याने मसुदा बाजूला ठेवणे.

5 सप्टेंबर 2012 रोजी शार्लट इथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नेमके हेच केले. लिखित भाषण तीन हजार शब्दांच्या आसपास होते. प्रत्यक्षात ते जवळजवळ दुप्पट झाले आणि 48 मिनिटे चालले. आपले म्हणणे एका शब्दात सांगायचे तर 'अंकगणित', असे सांगून त्यांनी रिपब्लिकन अंदाजपत्रकाची बेरीज-वजाबाकी भर सभेत करून दाखवली. 1961 पासूनच्या 52 वर्षांत रिपब्लिकन अध्यक्ष 28 वर्षे होते, डेमोक्रॅट 24. या काळात खाजगी क्षेत्रात वाढलेल्या नोकऱ्यांपैकी रिपब्लिकनांच्या खात्यावर 2 कोटी 40 लाख आणि डेमोक्रॅटांच्या खात्यावर 4 कोटी 20 लाख. विरोधी श्रोत्याचा हात इथे वहीवर थबकतो. भावनेवर टीका करता येते, आवाजावर करता येते. बेरजेवर करायची तर आधी बेरीज करावी लागते. केली, आणि ती जुळली.

त्या रात्री डॅलस काउबॉइज आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचा फुटबॉलचा सामना दुसऱ्या वाहिनीवर चालू होता. सामान्य रिपब्लिकनाला ती सोय होती. टीव्हीच्या चर्चेत बसलेल्याला नव्हती. सीएनएनवर बसलेले रिपब्लिकन प्रचारतज्ज्ञ अ‍ॅलेक्स कॅस्टेलॅनोस यांनी तर शस्त्रेच खाली ठेवली. राष्ट्राध्यक्ष ओबामांना पुन्हा निवडून आणणारा क्षण बहुधा हाच, आता दाराला कुलूप लावा, उद्या कोणी आले नाही तरी चालेल, असे ते म्हणाले. अशी कबुली या जमातीत अपवादात्मक मानली जाते, आणि देणाऱ्याकडे स्वपक्षीय थोडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतात.

जातिवंत प्रतिक्रिया आली ती रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचारयंत्रणेकडून. क्लिंटन यांनी आज स्वतःमधला आणि ओबामांमधला फरक ठळक करून दाखवला, असे तिचे म्हणणे. क्लिंटन विरोधकांना बरोबर घेऊन चालत, त्यांनी अंदाजपत्रकाचा ताळमेळ बसवला. ओबामांना यातले काही साधले नाही. त्यांच्या जोडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन हेही क्लिंटन यांच्या काळातल्या कल्याण-योजनांच्या सुधारणेचे गोडवे गाऊ लागले. ज्या पक्षाच्या बहुमताने डिसेंबर 1998 मध्ये प्रतिनिधिगृहात या माणसावर महाभियोग ठेवला, त्याच पक्षाला चौदा वर्षांनी तो आदर्श राष्ट्राध्यक्ष वाटू लागला. विरोधी श्रोत्याच्या स्वभावाची गुरुकिल्ली इथे आहे. तो स्तुती करतो, कधी कधी सढळ हाताने करतो. पण त्या स्तुतीचा नेम नेहमी तिसऱ्या माणसावर धरलेला असतो. 

भाषण चालू असतानाची त्याची अवस्था बाहेरून फारशी दिसत नाही. विहिणीच्या हातच्या पुरणपोळीत जायफळ जास्त झाल्याचे सांगणारी बाई आधी दुसरी पोळी वाढून घेते, तसे त्याचे असते. मनात तो एकच प्रार्थना करतो: भाषण लांबू दे. ही प्रार्थना अगदीच निराधार नाही. हेच क्लिंटन 1988 मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी मायकेल ड्युकाकिस यांचे नाव सुचवायला उभे राहिले आणि 33 मिनिटे बोलले. "शेवटी" हा शब्द त्यांच्या तोंडून निघताच सभागृहात आनंदाचा चीत्कार झाला. तो स्वपक्षीयांनी केला होता. विरोधकांना काहीच करावे लागले नाही. मात्र क्लिंटन काही दिवसांतच जॉनी कार्सन यांच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गेले, कार्सननी टेबलावर ठेवलेल्या वाळूच्या घड्याळाला मनमोकळे हसले आणि सॅक्सोफोन वाजवून आले. स्वतःची फजिती स्वतःच वापरून टाकणारा वक्ता विरोधकाला मुळीच आवडत नाही.

भाषण संपताच ठेवणीतली वाक्ये बाहेर येतात. त्यातले पहिले: सादरीकरण उत्तम, पण लिहिले दुसऱ्याने. सप्टेंबर 2008 मध्ये सेंट पॉलच्या रिपब्लिकन अधिवेशनात उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांनी सभा जिंकली तेव्हा ओबामांच्या प्रवक्त्याने हेच सांगितले: भाषण छान केले, पण ते जॉर्ज बुश यांच्या भाषणलेखकाने लिहिलेले आहे. लेखकाबद्दलची माहिती खरीच होती. प्रवक्त्याच्या स्वतःच्या उमेदवाराकडेही भाषणलेखक होते, ही माहितीही तितकीच खरी होती. दुसरे वाक्य टेलिप्रॉम्प्टरबद्दलचे. ओबामा काचेवरचे वाचून बोलतात, काच काढली की संपले, असे रिपब्लिकन अनेक वर्षे सांगत राहिले. फेब्रुवारी 2010 मध्ये नॅशव्हिलला टी पार्टी या पुराणमतवादी चळवळीच्या अधिवेशनात खुद्द पेलिनबाईंनी हा टोमणा मारला आणि त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत त्यांच्या तळहातावर शाईने खरडलेले मुद्दे कॅमेऱ्याने टिपले. या प्रसंगाने डेमोक्रॅट श्रोत्यांच्या वह्या आठवडाभर भरून वाहत होत्या.

तिसरे वाक्य सर्वांत जुने: शब्द गोड, आत काही नाही. या प्रकाराचा सुवर्णकाळ 1896. त्या वर्षी 9 जुलैला शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात 36 वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सुवर्णमानाविरुद्ध, चांदीच्या बाजूने असे भाषण केले की प्रतिनिधींनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. चाहते त्यांना 'प्लॅटकाठचा बालवक्ता' म्हणत. प्लॅट ही त्यांच्या नेब्रास्कातली नदी. ओहायोचे रिपब्लिकन नेते जोसेफ फोरेकर यांच्या नावावर एक उत्तर सांगितले जाते: उपमा अगदी चपखल आहे, प्लॅट सहा इंच खोल आणि मुखाशी सहा मैल रुंद आहे. 'जज' या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ब्रायनना बायबल तुडवताना दाखवले, कारण भाषणात काट्यांचा मुकुट आणि क्रूस आला होता.

सर्वांत नेमकी प्रतिक्रिया मात्र स्वपक्षातून आली. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड हे चांदीवालेच, पण त्यांचा पाठिंबा उमेदवारीचे दुसरे इच्छुक रिचर्ड ब्लँड यांना होता. वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी पुढे लिहून ठेवले आहे की दुसऱ्या दिवशी आल्टगेल्ड त्यांना म्हणाले, ब्रायनच्या भाषणाचा मी विचार करतो आहे. तो नक्की म्हणाला तरी काय? पक्षांतर्गत विरोधक हा या जमातीतला अव्वल नमुना. त्याला सभागृहात उभे राहून टाळ्या वाजवाव्या लागतात, त्यामुळे त्याची बुद्धी नंतर दुपटीने चालते.

प्रत्यक्ष रिपब्लिकन प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली यांनी मात्र वेगळीच वाट धरली. ब्रायन देशभर रेल्वेने फिरून भाषणे करत सुटले होते आणि तुम्हीही निघा असा मॅकिन्लींना आग्रह होत होता. ब्रायनशी भाषणात सामना करण्यापेक्षा अंगणात झोका टांगून एखाद्या व्यावसायिक कसरतपटूशी स्पर्धा केलेली बरी, असे ते म्हणाले. शिवाय बोलताना आपल्याला विचार करावा लागतो, अशी पुस्ती जोडली. कबुली आणि टोला एकाच वाक्यात बसवण्याचा हा नमुना अजून कोणी मागे टाकलेला नाही. मग मॅकिन्ली कँटनला आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले आणि रेल्वेने सवलतीच्या भाड्यात आलेल्या लोकांशी बोलले. निर्वाचक मते: मॅकिन्ली 271, ब्रायन 176.

क्वचित असेही होते की भाषण होते आणि विरोधकच जागेवर नसतो. 27 जुलै 2004 रोजी बॉस्टनच्या अधिवेशनात बराक ओबामा बोलले तेव्हा ते सिनेटचे उमेदवार होते. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याने जूनमध्येच माघार घेतलेली होती आणि पक्षाला नवा माणूस मिळत नव्हता. अखेर ऑगस्टमध्ये मेरीलँडहून अ‍ॅलन कीझ यांना आणून इलिनॉयमध्ये उभे केले गेले. तेही फर्डे वक्ते. पण निकाल 70 विरुद्ध 27 टक्के लागला.

दिलदार विरोधक दुर्मीळ असला तरी काल्पनिक नाही. 1988 मध्ये अ‍ॅन रिचर्ड्स यांनी डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या व्यासपीठावरून रिपब्लिकन उमेदवार थोरल्या जॉर्ज बुश यांची अशी खिल्ली उडवली की ते तोंडात चांदीचा पाय घेऊनच जन्माला आले. श्रीमंती आणि बोलताना होणारी घसरण, दोन्ही एकाच फटक्यात. बुशनी पुढे त्यांना चांदीच्या पायाची पिन भेट पाठवली. 1994 मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बुश यांच्या थोरल्या मुलाने रिचर्ड्सबाईंचा पराभव केला, ती भेट वेगळी. 2008 मध्ये ओबामांच्या डेन्व्हरमधल्या भाषणाच्या रात्री त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी टीव्हीवर जाहिरात देऊन त्यांचे अभिनंदन केले. आजचा दिवस तुमचा, उद्यापासून पुन्हा लढू, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उपाध्यक्षपदासाठी पेलिन यांचे नाव जाहीर केले आणि वर्तमानपत्रांना डेन्व्हरचा विसर पडला. 

विरोधी श्रोत्याचा खरा आधार म्हणजे मतमोजणी. डेमोक्रॅट मारिओ कुओमो यांचे सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनातले 1984 चे भाषण आजही वक्तृत्वाचा वस्तुपाठ मानले जाते. त्याच वर्षी रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांनी 50 पैकी 49 राज्ये जिंकली. ब्रायन तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. भाषण त्यांचे, राज्ये आपली, या विचाराने विरोधक शांत झोपतो. शार्लटनंतर मात्र ही झोपही मिळाली नाही, ओबामा 332 विरुद्ध 206 निर्वाचक मतांनी आले.

उतारवयात त्याची दृष्टी मवाळ होते. ज्याला हयातभर नट म्हणून हिणवले, तो वक्ता वारल्यावर थोर ठरतो, जसे रेगन. जानेवारी 2008 मध्ये ओबामांनी नेव्हाडातल्या एका वृत्तपत्राला सांगितले की रेगन यांनी देशाची दिशा बदलली, तशी निक्सननी बदलली नाही आणि बिल क्लिंटन यांनीही बदलली नाही. रेगनची स्तुती करणाऱ्याचा नेम कुठे आहे, हे क्लिंटन यांच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागले नाही. काही दिवसांतच साउथ कॅरोलायनात झालेल्या वादसभेत उमेदवारीच्या शर्यतीतल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी त्याचा जाब मागितला.