निजानीज झाल्यावर

सध्या मला झोपेचे गुण मिळतात. सकाळी डोळे उघडावेत तर उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर निकाल लागलेला असतो, शंभरपैकी. शाळेत पेंगलो म्हणून बाकावर उभा राहिलेला मी, उतारवयात रोज रात्री झोपण्याच्या परीक्षेला बसतो आणि बहुधा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. गुणांची वाटणीही मोठी मौजेची आहे. मशीन किती तास लावलं याला ७०, मास्क चेहऱ्यावर नीट बसला होता का याला २०, रात्रीतून तो कितीदा काढला-घातला याला ५, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो श्वास तासात किती वेळा अडला याला उरलेले ५. आमच्या वेळी वळणदार अक्षराला असत तेवढेच. ही प्रश्नपत्रिका काढणारा कोणी जुना मास्तर असावा. मुलगा हुशार आहे की नाही हे नंतर पाहू, आधी रोज वर्गात येऊन बसतो का ते बघू, हे धोरण मुरलेल्या मास्तरालाच सुचतं. बायको माझ्याआधी उठते, निकाल वाचते आणि बंगळुरूला लेकीला कळवते, "ब्याण्णव पडले बाबांना." पलीकडून लेक म्हणते, "गेल्या आठवड्यात जास्त होते ना गं?" ज्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मी कपाळाला आठ्या घालून सह्या केल्या, तिने एवढं व्याज वसूल करावं हे न्यायाचंच आहे.

या वर्गात माझं नाव घातलं ते बायकोने. माझ्या घोरण्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. तिची तक्रार घोरणं थांबण्याबद्दल होती. आवाज चढत चढत जायचा आणि मध्येच बंद पडायचा. मग खोलीत नुसता पंखा. ती अंधारात डोळे उघडे ठेवून पुढच्या श्वासाची वाट पाहत राहायची. आणि तो यायचा तोही असा की जणू कोणी विहिरीतून बाहेर डोकं काढलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला झोपलेलो असायचो, निदान तशी माझी समजूत होती. दिवसा वर्तमानपत्र हातात घेतलं की अग्रलेखावर मान कलंडायची, पण त्याचा दोष मी अग्रलेखाला देत असे.

मग एक रात्र झोपेच्या तपासणीत गेली. डोक्याला, हनुवटीला, छातीला, पोटरीला वायरी चिकटवून, बोटाला चिमटा लावून, नाकाखाली आणखी एक नळी अडकवून तिथला तंत्रज्ञ मुलगा अत्यंत मायेने म्हणाला, "काका, आता नेहमीसारखं झोपा." त्या सजावटीत नेहमीसारखं झोपणारा माणूस निरोगीच म्हणायला हवा. पण पहाटे कागद निघाले आणि डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला की त्याची नोंद होते. मेंदू घाबरून आपल्याला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, आणि सकाळी यातलं काहीही आठवत नाही. श्वास अडण्याच्या किंवा उथळ होण्याच्या अशा घटना तासाला पाचच्या आत असल्या तर ठीक, तीसच्या पुढे गेल्या तर आजार तीव्र. माझा आकडा तीस केव्हाच ओलांडून पुढे गेला होता. मी आमच्या सोसायटीतल्या सकाळच्या प्राणायामाच्या वर्गाला नेमाने जाणारा. तिथे पूरक आणि रेचक जमतात, पण कुंभक काही साधत नाही म्हणून गुरुजी माझ्यावर नाराज. त्यांना काय सांगणार, की दिवसा न साधणारा कुंभक मी रात्रभर करतो, तोही गुरूवाचून.

हा आजार माणसाला बहुधा पहिल्यापासूनच असावा, कारण डॉक्टरांच्या आधी तो लेखकांना दिसला. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, म्हणजे १८३६-३७ मध्ये, ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि सगळे त्याला हसतात. पुढे १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापताना त्या कादंबरीवरूनच आजाराला नाव दिलं. तो रुग्ण मला फार जवळचा वाटतो. गृहस्थ दर आठवड्याला पत्ते खेळायला बसत. एके दिवशी हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरमध्ये असा हात म्हणजे घरी चालत आलेली लक्ष्मी. आणि हा माणूस त्याच क्षणी, पत्ते हातात धरून, झोपला. वजन वाढतं, धाप लागते, पायांना सूज येते, हे सगळं त्यांनी चालवून घेतलं असेल. पण तीन एक्के आणि दोन राजे वाया गेल्यावर मात्र ते इस्पितळात दाखल झाले. माणूस दवाखान्याची पायरी नेमकी कशासाठी चढतो, याचा एवढा प्रामाणिक दाखला मी दुसरा वाचलेला नाही. झोपेत अडथळा घशाच्या वाटेत येतो, हे कळायला मात्र १९६५ साल उजाडावं लागलं. ते फ्रान्समध्ये आणि जर्मनीत, साधारण एकाच वेळी लक्षात आलं.

उपाय निघाला सिडनीत. तिथले डॉक्टर कॉलिन सलिव्हन आधी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासाचा अभ्यास करत आणि कुत्र्यांच्या तोंडावर बसतील असे मास्क घडवत. त्या काळी या आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला समोरून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. जून १९८० मध्ये एका रुग्णाला तो सुचवला गेला. भोक नको, पण नाकातून हवा सोडून बघायची असेल तर एक रात्र बघा, असं म्हणून तो तयार झाला. आणि ती रात्र तो शांत झोपला. पुढच्याच वर्षी पाच रुग्णांची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये आली. सुरुवातीच्या त्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे, आणि मास्क रोज रात्री नाकाला चक्क चिकटवावा लागे. पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवसापासून घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरकडे मी जरा आदराने पाहतो. तो बापडा कोपऱ्यात उभा असतो. आपल्या घराण्यातलं कोणी वैद्यकीला गेलं, हे त्याला अजून माहीत नसावं.

आता आमच्याकडे आलेलं मशीन अगदी लहान आहे, पूर्वीचे ट्रान्झिस्टर असत तेवढं. 'सीपॅप' हे त्याचं नाव, पण घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात. डेमो द्यायला आलेल्या मुलाने मास्कचे पट्टे माझ्या डोक्यामागे आवळले, बटण दाबलं आणि सांगितलं, "काका, तोंड बंद. हवेशी भांडायचं नाही." हे दुसरं वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरलं. आत येणाऱ्या हवेचं काही वाटत नाही. ती आयतीच येते. पंचाईत होते ती श्वास सोडताना. समोरून हवा येतेच आहे आणि आपल्याला आपली जुनी हवा तिच्या अंगावरून बाहेर काढायची आहे. ज्याने लोकलच्या डब्यातून दादरला उतरायचा प्रयत्न केला आहे त्याला हे जास्त फोड करून सांगायला नको. दाब मोजतात तो पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये, चारपासून वीसपर्यंत. मशीन चारावर हळूच सुरू होतं आणि डोळा लागेपर्यंत दबक्या पावलांनी वर चढत जातं. मास्क जरा सरकला की हवेची एक बारीक धार थेट डोळ्यात. पुण्याच्या डिसेंबरात नळीत पाणी साठून गुडगुड वाजते. हवा दमट राखायला मशीनच्या पोटातल्या डबीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, केमिस्टकडे कॅन मागितला की तो विचारतो, "इन्व्हर्टरला का?" मी हो म्हणतो. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ असतात, ते दुपारच्या चहापर्यंत मावळतात. नातवाने मला एकदा या वेषात पाहिलं आणि आजोबा रात्री लढाऊ विमान चालवतात असं शाळेत सांगितलं. मी ते अजून खोडून काढलेलं नाही.

पण या सगळ्याची सवय होते. ज्याची तयारी कोणीच करून घेतली नव्हती ती गोष्ट वेगळीच निघाली. माझा मास्क फक्त नाकावरचा. तो लावला की बोलता येत नाही. तोंड उघडताच नाकातून शिरलेली हवा थेट ओठांतून बाहेर पळते आणि "दिवा घालव" असं म्हणायला जावं तर नुसतं फुस्स होतं. आणि आमचा संसार, मला आता कळतं, बराचसा दिवा घालवल्यानंतरच चालत आला होता. दिवसभर दोघं एकाच घरात असतो, पण बोलणं असं होत नाही. निजानीज झाली, पाठ टेकली, की मग एकेक निघतं. गॅस बंद केला का. दुधाला विरजण लावलं का. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आज फारच गप्प होत्या. लेकीचा आवाज फोनवर जरा उतरलेला वाटला, की तुम्हाला नाही वाटला? अर्धवट झोपेत विचारलेल्या आणि अर्धवट झोपेत उत्तर दिलेल्या या गोष्टी दिवसाउजेडी बोलण्याइतक्या मोठ्या नसतात, आणि न बोलता झोप येईल इतक्या लहानही नसतात. मशीनने नेमकी तीच वेळ घेतली.

पहिल्या काही रात्री बायको सवयीने बोलत राहिली आणि मी मास्कमधून हुंकार देत राहिलो. एकदा तिने विचारलं, "अहो, सकाळचं दूध अर्धा लिटर सांगू की एक?" मी म्हटलं, "हुं." ती म्हणाली, "अर्धा?" मी म्हटलं, "हुंहुं." ती म्हणाली, "बरं, एक सांगते." आणि अंधारात मला माझी आजी आठवली. वाईच्या आमच्या घरात आजी सकाळी सोवळ्यात पूजेला बसली की आरती होईपर्यंत मौन धरायची. पण त्या तासाभरात घरातलं एकही काम तिच्याशिवाय हलत नसे. भाजीवाली दारात आली, "हुं?" म्हणजे कितीला दिली. दूध उतू जायला लागलं, "हुंहुंहुं!" मांजर स्वयंपाकघरात शिरलं की एक लांबलचक हुंकार, शेवटी वर गेलेला, तो मांजरालाही कळायचा. आम्ही पोरं त्या भाषेत इतकी तयार झालो होतो की आई चुकली तर तिला अर्थ सांगायचो. देवाला दिलेलं मौन आजीने कधी मोडलं नाही आणि संसारावरचा हातही कधी काढला नाही. मी मास्क लावून पडतो तेव्हा मला वाटतं, आपण सोवळ्यातच आहोत. शिवायचं नाही, बोलायचं नाही, फक्त हुंकाराने राज्य चालवायचं. आजीला ते जमत होतं. मला दूध रोज एक लिटर येऊ लागलं.

त्या घरात वडीलही आठवतात. कृष्णाबाईच्या उत्सवात ते कीर्तनाला आवर्जून पुढे बसत आणि पूर्वरंग संपायच्या आत त्यांची हनुवटी छातीला टेकलेली असे. बुवा हसत, लोक हसत, वडील दचकून जागे होत आणि तेही हसत. एसटीत ते शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपत, पंगतीत दोन वाढींच्या मध्ये झोपत. रात्री त्यांच्या घोरण्याने माजघरातली भांडी वाजतात असं काका म्हणत. पाहुण्यांना त्यांचा हेवा वाटे. भाग्यवान माणूस, पाठ टेकली की झोपतो. शाळेतले सहकारी मात्र मागे आळशी म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. ते गेले १९७९ साली. त्यांना नेमकं काय होतं हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. पण माझे कागद पाहिल्यापासून एक गोष्ट कळते. पाठ टेकताच झोपणारा तो माणूस सुखी नव्हता, दमलेला होता. दर रात्री तो कितीतरी वेळा श्वासासाठी वर येत असेल, आणि सकाळी उठून, दाढी करून, शाळेत जाऊन पाढे घेत असेल. आई पलीकडे झोपलेली असे. त्यांचा श्वास थांबला की तीही अंधारात वाट पाहत असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हेच कोणाला माहीत नव्हतं.

आम्ही आता तोडगा काढला आहे. मास्क उशाशी तयार ठेवतो, दिवा घालवतो, आणि आधी बोलून घेतो. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. बायको म्हणते, "झालं तुमचं?" मी म्हणतो, "झालं." मग पट्टे ओढायचे. ती लगेच झोपते. इतक्या वर्षांची झोप बाकी आहे तिची. अॅपमध्ये तिच्यासाठी रकाना नाही, नाहीतर शंभरपैकी शंभर तिला मिळाले असते.

तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर हसा खुशाल. पण एखाद्या रात्री जागे राहून घोरण्याच्या मधली थांबलेली जागा ऐका, आणि माणूस दिवसाही पेंगत असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरकडे न्या. मशीन घरी आलंच, तर दुधाचा हिशेब मास्क लावायच्या आधी उरकून घ्या.