पृष्ठभागाची प्रतिष्ठा

मनुष्याच्या मिरवण्याच्या हौसेला बहुधा एक साधा नियम असतो, तो असा की जे मिरवायचे ते निदान आरशात तरी स्वतःला दिसावे. टोपी, मिशी, मनगटावरचे घड्याळ, फार काय, नवी कवळीसुद्धा हा नियम पाळते. परंतु क्रूझर जातीच्या मोटारसायकलीला मागे रुंद टायर बसविणारा गृहस्थ, ज्या वस्तूचे दर्शन स्वारी चालू असेपर्यंत त्याला स्वतःला घडणे नाही अशा वस्तूपायी पगाराचा लचका तोडतो, आणि तोही सिग्नलला आपल्या मागे उभे राहणाऱ्या अपरिचितांच्या नेत्रसुखासाठी. इतकी निरपेक्ष लोकसेवा माझ्या हातून अन्य कोणत्याही क्षेत्रात घडलेली नाही.

माझ्या ॲव्हेंजरला कारखान्याने दिलेला 130/90-15 या मापाचा मागचा टायर सर्वथैव सुशील होता आणि त्याच्याविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नव्हती, हे प्रथमच नमूद करतो. बिघाड माझ्या नजरेत होता, आणि त्याला जबाबदार 1991 सालच्या ‘टर्मिनेटर 2’ या चित्रपटात आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या बुडाखाली असलेली हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय. ते रुंद चाक पाहिल्यापासून मला माझ्या गाडीचे मागील अंग क्षयरोग्यासारखे कृश वाटू लागले. पुढे 2018 च्या फॅट बॉयला मागे 240 मिलिमीटरचा टायर आला, ही वार्ता कानी पडताच तर माझा उरलासुरला विवेकही बरखास्त झाला. तिचे इंजिन 1745 सीसीचे आणि माझे 220 चे, ही हरकत मी तांत्रिक म्हणून फेटाळली आणि 150/80-15 हे माप मुक्रर केले.

आता या आकड्यांविषयी थोडे विषयांतर करणे भाग आहे. घरात कोणी ऐकून घेत नाही, सबब वाचकांनी ऐकावे. 130 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. 90 म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा 90, अर्थात 117 मिलिमीटर. आणि 15 हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. दशमान पद्धत, शेकडेवारी आणि इंग्रजी अमदानीतला इंच हे तिघे एकाच ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. हा हिशेब पुरा केला की जुन्या चाकाची उंची 615 मिलिमीटर भरते आणि नव्याची 621. म्हणजे एवढा यज्ञ मांडून उंचीत 6 आणि रुंदीत 20 मिलिमीटरांचे पुण्य पदरात पडते.

बरे, रुंद टायरने पकड वाढते म्हणावे, तर तिथेही गणित आडवे येते. जमिनीला टेकणारा रबराचा ठसा किती मोठा, हे ढोबळमानाने वरचा भार आणि आतली हवा ठरवितात. मागच्या चाकावर 140 किलो भार आणि दर चौरस सेंटिमीटरला 2 किलो दाब धरला, तर ठसा 70 चौरस सेंटिमीटरांचा. टायर अरुंद असो की रुंद. रुंदी वाढली की हा ठसा आडवा पसरतो आणि तेवढाच लांबीत आखडतो. शिवाय घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे गियोम आमोंतों या फ्रेंच गृहस्थाने 1699 सालीच पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगून ठेवले आहे. सुदैवाने रबर हा पदार्थ आमोंतोंचा हुकूम तंतोतंत मानत नाही, आणि त्या बंडखोरीवर भिस्त ठेवून मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने टायर पाहिला, रिम पाहिली आणि मग मला पाहिले. “रिम तीच ठेवणार? मग हा मध्ये फुगणार, साहेब.” तसेच झाले. अरुंद रिमने दोन्ही कडा आत ओढून धरल्या आणि टायर उकडीच्या मोदकासारखा मधोमध वर आला. साखळीकडची फट मोजायला त्याने कोणतेही उपकरण काढले नाही, ग्रीसने काळी झालेली करंगळी टायर आणि चेनकव्हर यांच्यामध्ये घातली, चाक हाताने एक फेरा फिरविले, आणि करंगळी शाबूत बाहेर आल्यावर म्हणाला, “जातंय. बसा.” मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. कुठेही घासले नाही. उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलात फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम 52 काय म्हणते, याचा उच्चार आम्हा दोघांपैकी कोणीही केला नाही.

पुढचे काही दिवस गाडी वळणावर रुसत असे. रुंद टायरला तेच वळण त्याच वेगाने घ्यायचे तर अधिक झुकावे लागते, आणि झुकणे माझ्या स्वभावात नाही. कचेरीत कोणाच्याही लक्षात काही आले नाही. एका सहकाऱ्याला मी गाडीमागे मुद्दाम उभे केले, तर त्याने नंबरप्लेट पुसायला सांगितले.

रविवारी सौ. मागे बसली, आणि पहिल्याच खड्ड्यात खरवडल्याचा आवाज आला. मडगार्डच्या आतला बोल्ट मोदकाच्या शेंड्याला लागत होता. ती उतरली, आवाज थांबला. बसली, सुरू झाला. प्रयोग निर्णायक होता. “अहो, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते,” ती म्हणाली. रागाने नव्हे, अगदी सहज. आणि तेच मला लागले. जुन्या टायरवर 66 हा भारांक छापलेला आहे, त्याचा अर्थ 300 किलो. म्हणजे ज्याने ती गाडी आखली त्या अनोळखी माणसाने मागे कोणी बसेल हे गृहीत धरले होते. मी 140 किलो मांडले त्यात ती नव्हती. संसाराच्या आरंभी जुन्या स्कूटरवर एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने पिठाचा डबा सांभाळीत, भर पावसात, कधी एका शब्दाने न कुरकुरता जी मागे बसली, तिचे वजन माझ्या एकाही कागदावर नव्हते.

मिस्त्रीने मागचे शॉकअप कडक करून दिले. घासणे कमी झाले, परंतु प्रत्येक खड्ड्याची बिनतक्रार पोच तिच्या कमरेला मिळू लागली, तेव्हा मीच ती तजवीज रद्द करविली. जुना टायर परत चढवावा असा अर्ज तिने केलेला नाही. केला असता तर मला निदान नामंजूर तरी करता आला असता.

सबब गेल्या शनिवारी बालगंधर्व रंगमंदिराला आम्ही नाटकासाठी निघालो, ते ती रिक्षात आणि मी गाडीवर. टायर निदान तिला तरी नीट दिसावा म्हणून मी सबंध वाट रिक्षाच्या पुढे राहिलो. फाटकाशी उतरताच रिक्षावाला माझ्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, “दीडशे बसवलाय काय, साहेब?”

“दीडशे!” मी म्हणालो. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

“घासत नाही?”

“मी बसले की घासतो,” सुट्टे पैसे मोजता मोजता सौ. म्हणाली.