कोंबडीचं पथ्यपाणी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शेतकऱ्यांच्या दोन तऱ्हा आढळतात. पहिला शेतकरी बारा महिने शेतकरी असतो आणि ते कुणाला सांगत बसत नाही. दुसरा शनिवारी सकाळी चौकहून कर्जतच्या रस्त्याला गाडी वळवली की शेतकरी होतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तेवढंच सांगत असतो. ही हकिकत दुसऱ्याची. गावात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण नेरळपासून खोपोलीपर्यंत असे साहेब इतके आहेत की एकाचं नाव घेतलं तर बाकीचे रुसतील.

साहेब लांबूनही ओळखू येतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पायात गमबूट, डोक्यावर गोव्याहून आणलेली हॅट आणि हातात फोन. पहिल्या वर्षी ते सेंद्रिय भेंडी लावतात, दुसऱ्या वर्षी ड्रॅगन फ्रूट. दोन्हींचं काय झालं हे विचारायचं नसतं. तिसऱ्या वर्षी कोंबड्या येतात. अर्थात गावठी आणि मोकळ्या फिरणाऱ्या. कशेळ्याकडच्या एखाद्या वाडीतून त्या पाटीखाली झाकून आणल्या जातात आणि गेटच्या आत पाऊल टाकताच त्यांना नावं मिळतात. एकीचं नाव कोको, दुसरीचं मिस फर्नांडिस. त्यांनी घातलेलं अंडं साहेब सोमवारी ऑफिसात डब्यातून नेऊन दाखवतात. त्या अंड्याची खरी किंमत काढायची तर बंगल्याच्या कर्जाचा हप्ताही धरावा लागेल, म्हणून ती कुणी काढत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग एका शनिवारी मिस फर्नांडिस कुंपणाजवळच्या घाणेरीला चोच लावते, साहेब फोनमध्ये बघतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. घाणेरी विषारी! त्या क्षणी साहेबांतला शेतकरी मागे सरतो आणि आठवडाभर झाकून ठेवलेला व्यवस्थापक पुढे येतो. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर तक्ता तयार: अंगणातली झाडं, मराठी नाव, शास्त्रीय नाव, धोक्याची पातळी. हिरवा रंग म्हणजे कोंबडीने खावं, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे झाड उपटावं.

पाहणीला बंगल्याची राखण करणाऱ्या मावशींना सोबत घेतात. मावशी पलीकडच्या ठाकूरवाडीतल्या. पावसाळ्यात त्या कर्जत स्टेशनाबाहेर टाकळा, भारंगी आणि शेवळं विकायला बसतात. खाजऱ्या शेवळांबरोबर काकडं शिजवली की खाज मरते, हे ज्यांना आईच्या पोटातून कळतं, अशांपैकी त्या एक.

“मावशी, ही घाणेरी कोंबड्यांनी खाल्ली तर?”

“हिरवी फळं नाय खात त्या. काळी पिकली का खातात. बुलबुल पन खातात.”

मावशींचं बरोबर असतं. घाणेरीची कच्ची फळं आणि पानं घातक, पाला खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. पिकलेल्या फळांवर मात्र पाखरं तुटून पडतात आणि बी गावभर करतात. साहेब हे झाड लाल रकान्यात टाकतात, मग पिवळ्यात, मग दोन्हींमध्ये. रंगीबेरंगी फुलांवर भाळून इंग्रजांनी अमेरिकेकडची ही घाणेरी बागेत लावली, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. ती अजून उपटून संपलेली नाही. साहेब उपटायला माणूस लावतात.

पुढे एरंड. त्याची बी जहाल. रिसिन नावाचं विष त्यातलंच. मग कुंपणावर चढलेला गुंजेचा वेल. लाल बी, काळा डोळा, पूर्वी सोनारांच्या तराजूत बसणारी. माणसाने अख्खी गुंज गिळली तर कठीण कवचामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. कोंबडीला दात नसतात, पण तिच्या पेट्यात गिळलेल्या खड्यांचं जातं अखंड फिरत असतं. तिथे कवच टिकण्याची खात्री कुणी द्यावी? साहेब गुंज लाल रकान्यात टाकतात, आणि ह्या वेळी मावशीही मान डोलावतात. धोतरा लाल. रुई लाल. कळलावी तर गडद लाल, कारण तिच्यातल्या कोल्चिसिनचा धसका माणसांच्या डॉक्टरांनीही घेतलेला आहे. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अळू पिवळा: त्याच्या पानात सुयांसारखे स्फटिक असतात, घसा खाजवतो. मावशी त्याचं चिंच घालून फतफतं करतात. कोंबड्यांना चिंच कोण देणार!

मग हिरव्या रकान्याची पाळी. शेवग्याचा पाला, माठ, घोळ, हरळी, पडलेले पेरू, तुती, पपई. टाकीत वाढवलेला अझोला. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या ‘कर्जत-३’ची कणी. हिरवी-लाल मिरचीसुद्धा, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. ही माहिती ऐकून साहेब इतके खूश होतात की आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर कोकोला मिरची खायला लावतात. जास्वंदही हिरवी. कोंबड्या तिची पानं आणि फुलं दोन्ही आवडीने खातात, आणि मंगळवारी गणपतीला फूल नसलं की मावशी त्यांना जे बोलतात ते तक्त्यात घालण्यासारखं नसतं.

तक्ता पुरा झाल्यावर एक गोष्ट मावशींच्या लक्षात येते. साहेबांच्या येत नाही. कारण साहेब रंग बघतात, मावशी झाड कुठून आलं ते बघतात. एरंड, गुंज आणि धोतरा आपापल्या पायांनी आले होते, ते गेटबाहेरच्या बांधावर. अंगणातल्या लाल रंगाच्या बाकी रहिवाशांना साहेबांनी रस्त्यालगतच्या नर्सरीतून पैसे मोजून, टेम्पोचं भाडं देऊन आणलं होतं. दारातली गुलाबी कण्हेर, तिच्या शेजारची पिवळी बिट्टी, पायऱ्यांवरच्या कुंड्यांतलं अॅडेनियम, व्हरांड्यातलं डायफेनबाखिया. पहिली तिन्ही एकाच कुळातली, तिघांचंही विष हृदयावर जाणारं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच रस्त्यांच्या दुभाजकांत कण्हेर लावतात. साहेब दर शनिवारी तिच्या शेजारून शंभरच्या वेगाने येतात तेव्हा त्यांना तिची भीती वाटत नाही. मिस फर्नांडिस दोन पावलं जवळ गेली की छातीत धडधडतं.

“पन त्या कण्हेरीला बघतसुद्धा नाय सायेब. तिला कळतं.”

“कुणी शिकवलं?”

“तिच्या आयशीनं.”

आई चोचीने टिपून दाखवते, पिल्लं तेच टिपतात. इथून वर माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या रानात राखी रानकोंबडा राहतो. कारवी बीजाला आली की त्याची मेजवानी असते आणि विषारी झाडांच्या गर्दीत तो तक्त्याशिवाय आयुष्य काढतो. घरच्या कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, असं २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे कोकोचे पिवळे पाय थेट सह्याद्रीच्या नात्यातले. ज्या कोंबडीचं पोट भरलेलं आहे, जिला फिरायला जागा आणि निवडायला दहा गोष्टी आहेत, ती कडू पानावर एक चोच मारते आणि पुढे जाते. कोंडलेली, उपाशी किंवा कंटाळलेली कोंबडी मात्र समोर येईल ते खाते. मोकळेपणा हेच तिचं औषध.

पण साहेबांची काळजी अशी की तिने कोंबड्या आधी मोकळेपणापासूनच वाचवल्या. तक्ता झाल्यावर पुढच्या शनिवारी त्यांनी हिरव्या जाळीचं कुंपण घालून कोंबड्यांना ‘सुरक्षित क्षेत्र’ दिलं. त्यातलं सगळं गवत रविवारच्या दुपारी संपलं. सोमवारी कोंबड्यांनी जाळीतून मान काढून डायफेनबाखियाकडे बघायला सुरुवात केली. मंगळवारी मावशींनी जाळी वर बांधून टाकली. साहेबांना अजून ठाऊक नाही; शुक्रवारी रात्री ती पुन्हा खाली येते.

खरा धोका रविवारच्या दुपारी असतो. साहेबांकडे पाहुणे येतात. टोस्टवर अॅव्होकाडो येतो, आणि उरलेला, सालीसकट, मोठ्या प्रेमाने कोंबड्यांपुढे जातो. अॅव्होकाडोतलं पर्सिन पक्ष्यांच्या हृदयाला घातक आहे. पण तो अंगणात उगवलेला नाही, म्हणून तक्त्यात नाही. पाठोपाठ खारे वेफर जातात. जादा मीठ कोंबडीला सोसत नाही. मग कपाटात बुरशी आलेले शेंगदाणे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन जगाला माहीत झालं. शेवटी थर्माकोलच्या प्लेटा. थर्माकोल दिसलं की कोंबड्या शेवग्याचा पालाही सोडून धावतात. तो त्यांना का आवडतो हे त्यांनाच ठाऊक. मावशी पाहुण्यांच्या पाठीमागून टोपली घेऊन हे सगळं गोळा करत फिरतात. पाहुण्यांना वाटतं, बाई फार स्वच्छ आहे.

साहेबांच्या तक्त्यात राणीखेतच्या लशीची तारीखही नाही. एकदा ही मानमोडी, म्हणजे राणीखेतच, आली तर अख्खं खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं, आणि ती कोणत्याही झाडाला लागत नाही. लस मावशी गुरांच्या दवाखान्यातून आणतात, थर्मासात बर्फ घालून. हिशेबात ती ‘किरकोळ’ खाली लिहिलेली असते.

तरी साहेबांची टिंगल करताना हेही सांगायला हवं की तो तक्ता वाया गेला नाही. शेजारच्या चार साहेबांनी तो मागून नेला. त्यातल्या एकाने अंगणातली सगळी लाल झाडं काढली. मग कोंबड्यांनी हिरवी झाडं संपवली, आणि आता त्या अंगणात सिमेंटच्या फरश्या आहेत. खरी यादी झाडांना द्यायला हवी होती: कोणत्या कोंबड्यांपासून सावध राहावं. कोथिंबिरीचा वाफा, लेट्यूस, नवी रोपं, महागडी कार्पेट लॉन; ह्यांना कुणी वाली नाही. कोको लॉनमध्ये खड्डा करून धुळीत लोळते तेव्हा साहेब व्हिडिओ काढतात, आणि लॉनवाल्याचं बिल बघतात तेव्हा काढत नाहीत.

डिसेंबरात साहेबांना बांधावर एक नवं झाड दिसलं. केसाळ पानांचं, चुरडलं की उग्र वास येणारं. फोनने काही धड सांगितलं नाही. त्यांनी मावशींना हाक मारली.

“हे काय?”

“भांबुर्डा, सायेब.”

“कोंबडीला चालतो?”

मावशी जरा विचारात पडल्या. पलीकडच्या शेतात वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि त्यांच्या नातवंडांनी मडकंही बघून ठेवलं होतं.

“चालतो की. मडक्यात खाली भांबुर्डा, त्याच्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मधी कोंबडी, वर पुन्हा भांबुर्डा. मडकं उलटं करून जाळ लावायचा. पोपटी एकदम झकास व्हते.”

साहेबांनी कोकोकडे पाहिलं, मिस फर्नांडिसकडे पाहिलं आणि भांबुर्डा लाल रकान्यात टाकला. संपूर्ण तक्त्यात ही एकच नोंद अशी आहे की जिच्यावर कोंबड्यांनीही सही केली असती.