टपावर मावेल एवढं

आमच्या शाहूवाडी तालुक्यात घरसजावट हे खातं पावसाकडे आहे. घरमालकाने फक्त बिलं भागवायची. मृगात पाऊस आंबा घाट चढून वर आला की आधी भिंतींचा रंग ठरवतो: खाली हातभर हिरवट, वर करडा. मग तो कपाटात शिरतो. चामडी पट्ट्याला पांढरी लव फुटते, पुस्तकांची पानं एकमेकांना धरून बसतात आणि टेबलाचा खण आषाढात जो रुसतो तो दसऱ्याशिवाय बोलत नाही. त्या खणात आपण काय ठेवलं होतं, हे घरातले लोक चार महिने आठवत बसतात. त्यामुळे भिंतीला टेकून काही ठेवायचं नाही, जमिनीवर काही अंथरून ठेवायचं नाही, आणि ज्याच्यावर चढून गळकं कौल सरकवता येत नाही असं फर्निचर घ्यायचं नाही, हे नियम इथं शाळेत न जाताही कळतात.

अशा मुलखातल्या माझ्या पुतणीचा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला नंबर लागला. दोघी मैत्रिणींनी मिळून खोली घेतली आणि पुतणीने जाहीर केलं, “रूम मिनिमलिस्ट करायची आहे.” भाऊ दचकला. त्याला वाटलं, कॉलेजने नवीन फी काढली. तिने मोबाइलवर नमुना दाखवला. पांढरीशुभ्र खोली, जमिनीलगत गादी, एक टेबल, एक कुंडी आणि खिडकीतून आत आलेलं लख्ख ऊन. ऊन बघूनच मी ओळखलं की हे आपल्याकडचं नव्हे. आईने चष्मा लावून बराच वेळ तो फोटो न्याहाळला आणि काळजीने विचारलं, “कधी झाली चोरी?”

मग कमीत कमी सामानाची यादी झाली. ती दोन पानं भरली. गादी, गादीखालची लाकडी चौकट, कपडे अडकवायचा स्टँड, भिंतीला भोकांची फळी, फळीला अडकवायच्या खुंट्या, बांबूचा दिवा, तारेवरचे बारीक दिवे आणि एकसारख्या पांढऱ्या टोपल्या.

“टोपल्यांत काय ठेवणार?” मी विचारलं.

“पसारा.”

म्हणजे पसारा होताच, फक्त त्याला गणवेश मिळाला होता.

टेबल मात्र विकतचं नको होतं. फोटोतलं टेबल तिला लाकडात, जसंच्या तसं करून हवं होतं. म्हणून आम्ही मलकापूरच्या मिस्त्रीकडे गेलो. शाहूवाडीला कचेरी आणि मलकापूरला बाजार अशी आमच्या तालुक्याची वाटणी आहे. दाखला हवा असेल तर इकडे, फळी हवी असेल तर तिकडे. मिस्त्रीने हातातला रंधा बाजूला ठेवला, पुतणीने काढलेला कागद पाहिला, मग उलटा करून मागच्या बाजूला काही राहिलंय का तेही पाहिलं.

“खण?”

“नको.”

“कडंनं पट्टी?”

“नको.”

“सनमाईका?”

“नको.”

“मग पाय तरी कातीव करू?”

“साधे, चौकोनी. आणि काढता यायला पाहिजेत.”

मिस्त्रीने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. “गुरुजी,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “हे टेबल न्हवं. टेबल करायच्या आधीचं हाय हे.”

पण दर सांगितला तो टेबल झाल्यानंतरचा. नक्षीच्या टेबलापेक्षा चांगला जास्त. मी म्हटलं, “मिस्त्री, साध्याला जास्त?”

“मग हो! पट्टी मारली की सांधा झाकतोय. नक्षी काढली की माणूस नक्षी बघतोय, फट बघत न्हाई. हितं सगळंच उघडं. एक दोरा चुकला तर हयातभर दिसणार.” मग जरा मऊ होऊन तो पुतणीला म्हणाला, “खण नको म्हणलीस ते बाकी ब्येस केलंस, बाळ. फणसाची फळी आडवी फुगती. खणाला पावसाळा सोसत न्हाई.”

लाकूड फणसाचंच ठरलं. दोन पावसाळे शेडात वाळलेली फळी त्याने काढली, रंध्याचा एक हात मारला आणि आतला हळदीसारखा पिवळा रंग वर आला. हा पिवळा पुढं वापराने तांबूस होत जातो. पुतणीने लगेच त्याचा फोटो काढला. पॉलिश नको, असंच ठेवायचं म्हणाली. मिस्त्रीला ते पटलं. त्याचा एक दिवस वाचला होता. दर मात्र तोच राहिला.

पाय काढता येण्याच्या युक्तीला जगात मोठा इतिहास आहे, असं पुतणीने परतीच्या वाटेवर सांगितलं. स्वीडनच्या आयकिया कंपनीत 1950 च्या दशकात एका माणसाला टेबल मोटारीत बसवता येईना. त्याने पाय काढले, आणि त्यातून सुट्या भागांचं, सपाट खोक्यातलं फर्निचर जगभर गेलं. मला या शोधाचं फारसं कौतुक वाटलं नाही. आमच्या एस.टी. स्टँडवर तो रोज लागायचा. गाडीच्या टपावर खाट चढवणाऱ्याला कंडक्टर एवढंच म्हणायचा, “पाय काढा, न्हाईतर तुम्ही उतरा.”

आमच्या पिढीचं सामान टपाने ठरवलं. घाटमाथ्याकडच्या वाडीतून कोल्हापूरला शिकायला निघालेल्या पोराचं सामान म्हणजे वळकटी आणि पत्र्याची ट्रंक. माझी ट्रंक हिरवी होती. पेंटरने तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव, गाव आणि ‘ता. शाहूवाडी’ असं घातलं होतं. जागा उरली म्हणून खाली एक कमळही काढलं होतं, त्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला जोतिबाचा फोटो आणि त्याच्या शेजारी परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं असे. दोघांचं एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून. झाकण उघडलं की डांबराची गोळी आणि चिवडा यांचा मिळून एक वास यायचा. तो शर्टालाही लागायचा आणि वर्गात आमचा तालुका न सांगता कळायचा.

ट्रंकेवर वही ठेवली की अभ्यासाचं टेबल. पेपर पसरला की जेवणाचं. पाहुणा आला की खुर्ची. उभी केली की कपडे बदलायला आडोसा. गादीखाली रात्रभर पँट ठेवली की गादीच इस्त्री. स्वयंपाकघर तर खोलीत नव्हतंच, ते पन्नासेक किलोमीटरवर गावात होतं आणि डब्याच्या रूपाने एस.टी.तून यायचं. भाकरी, खर्डा आणि कोरडी भाजी फडक्यात बांधून आई सकाळच्या गाडीला द्यायची. रस्त्यावर पाणी आलं की गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे चूल बंद. मग ट्रंकेतल्या चिवड्याला कुलूप लावून आपण उपाशी असल्याचं सोंग आणायचं, कारण खोलीतला प्रत्येक जण तेच करत असे.

हे सगळं ऐकून पुतणी म्हणाली, “काका, हे बाऊहाउस आहे!” तो आमचा अपमान नव्हता. जर्मनीत वायमारला 1919 साली या नावाची कलाशाळा निघाली होती. वस्तूवरचा नटवा मुलामा काढा, कामापुरतं तेवढं ठेवा, असं तिथं शिकवत. तिथल्या मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळ्यांची खुर्ची केली. हॅनेस मायर नावाच्या वास्तुकाराने, जो पुढं या शाळेचा प्रमुख झाला, 1926 साली नव्या माणसाच्या खोलीचा नमुना मांडला: एक खाट, घडीची खुर्ची आणि एक ग्रामोफोन. त्या खोलीचा फोटो आजही डिझाइनच्या पुस्तकांतून छापतात. आमच्या खोलीतही लोखंडी नळ्यांची खाट होती. ग्रामोफोनच्या जागी शेजारच्या खोलीतला ट्रान्झिस्टर होता, तो आमच्या पसंतीने लागत नसे एवढाच फरक. फोटो काढायला मात्र कुणी आलं नाही.

त्याच 1919 सालच्या ऑक्टोबरात कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. 1927 साली महात्मा गांधी तिथं आले आणि त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. कमी सामानाच्या बाबतीत गांधींचा अधिकार वायमारवालेही मान्य करतील. शाहूंचं नावही उगाच दिलं नव्हतं. कोल्हापुरात 1901 पासून शाहू महाराजांनी बोर्डिंगांची रांगच लावली होती. व्हिक्टोरिया मराठा, जैन, मग लिंगायत, मुस्लिम आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या पोरांच्या खोल्यांत सामान किती असावं यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. असेल तेवढंच सामान होतं.

आमच्या खोलीत नसलेलं सगळं कोल्हापुरात होतं, हीही एक सोय होती. अभ्यासिका म्हणजे 1850 सालापासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर. तिथला पंखा आमच्या खोलीतल्या पंख्यापेक्षा बरा, कारण आमच्या खोलीत पंखा नव्हता. बैठकीची खोली रंकाळ्याच्या कठड्यावर. तिथं सोफा लांबीला कमी पडायचा प्रश्नच नव्हता. पाहुण्याला चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलात, पैसे पाहुण्याने द्यायचे. आंघोळीपुरतं आणि झोपेपुरतं काय ते घर. आता पुतणीच्या खोलीत वाचनालय, सिनेमा, खानावळ आणि मैत्रिणी सगळं एका मोबाइलवर येतं, त्यामुळे ती तिथून उठत नाही. जो दिवसभर खोलीत बसतो त्याला ती सजवावीच लागते. हा तिचा दोष नाही. आम्हालाही कठड्यावर वायफाय मिळालं असतं तर आम्ही कठडा रंगवून घेतला असता.

आम्ही साधे होतो म्हणून सामान कमी होतं, असं मात्र कुणी समजू नये. आमची हौस फक्त थकबाकीत होती. ट्रंकेवर जेवलेल्या माणसाचा पगार सुरू झाला की तो आधी सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल घेतो आणि मग टीव्हीसमोर जमिनीवर बसून जेवतो. आमच्या डायनिंग टेबलावर इस्त्रीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या आणि लाइटचं बिल जेवायला बसतात. सोफ्याला कव्हर आहे, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे, आणि चादर चुरगळू नये म्हणून कुणी तिथं बसत नाही. शोकेसमधला काचेचा सेट पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय. त्या दर्जाचा पाहुणा अजून आलेला नाही. दिवाणाच्या पोटात इतक्या रजया आहेत की अख्खं वऱ्हाड आलं तरी पुरतील. माझ्या मते, कमी सामानाची हौस करायला आधी घरात जास्त सामानाची एक पिढी होऊन जावी लागते. पुतणी मोकळी भिंत मागते, कारण तिने आयुष्यात मोकळी भिंत पाहिलेलीच नाही.

शेवटी कोल्हापूरला जायचा दिवस आला. मिनिमलिस्ट खोलीचं सामान टपावर मावेल असा माझा अंदाज होता. एस.टी.च्या टपावर हल्ली कुणी काही चढवत नाही म्हणून छोटा हत्ती ठरवला. तो भरला. वरून टोपल्या बांधल्या. टेबलाचे पाय काढून, पोत्यात गुंडाळून, मी स्वतःच्या मांडीवर घेतले. ड्रायव्हरने सगळीकडे नजर फिरवून विचारलं, “लगीन कुणाचं?”

रस्ताभर मी पुतणीला माझं एक माप समजावून सांगत होतो. सामान कमी की जास्त हे फोटोवरून ठरत नाही. जायची वेळ आली तर उठायला किती वेळ लागतो, त्यावरून ठरतं. 1908 साली मिस क्लार्क वसतिगृहाचं उद्घाटन झालं तेव्हा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. ते त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना विटाळाची आंघोळ करून आत यायला सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला, आणि बोर्डिंग सुटलं. आता विचार कर, मी म्हटलं, त्या वेळी त्यांच्याकडे ही दोन पानी यादी असती तर? एकेक दिवा तारेवरून सोडवायचा, फळीच्या खुंट्या मोजायच्या, छोटा हत्ती ठरवायचा. तोवर कुणीतरी समजूत घातली असती, ‘राहू दे, दोन तांब्ये घे अंगावर आणि ये आत.’ सोफासेट झाल्यापासून मी स्वतः कितीतरी ठिकाणी असे दोन तांब्ये घेतलेले आहेत. ज्याची वळकटी काखेत मावते त्यालाच ताडकन उठायला परवडतं.

पुतणीने हे सगळं मन लावून ऐकलं. टोपल्या हलताहेत का ते मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, “पण काका, मला रूमवरनं काढतंय कोण?”

“काढतील,” मी म्हटलं. “तसं काहीतरी करशील, म्हणून तर एवढी फी भरतोय.”